पदवी एकाची, कर्ज घराचं

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महापरिनिर्वाण दिनानिमित्त नॉटिंगहॅममधील मराठी कुटुंबांनी भरवलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर, डिसेंबर २०२५)



४ जून १९१३ रोजी बडोद्यात बावीस वर्षांच्या एका तरुणाने एका करारावर सही केली. सयाजीराव गायकवाडांचं संस्थान त्याला तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड देणार होतं. त्या पैशात त्याने न्यूयॉर्कला जाऊन शिकायचं आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. चारच महिन्यांपूर्वी त्याचे वडील वारले होते. मागे मुंबईच्या चाळीत पत्नी रमाबाई आणि कुटुंबाचा पसारा होता. भीमराव आंबेडकर बोटीत बसले ते ही दहा वर्षं डोक्यावर घेऊन. हेही एक कर्जच होतं. त्याची फेड फक्त रुपयांत नव्हती, आयुष्याच्या वर्षांत होती.

आज मला या कर्जाबद्दल बोलायचं आहे. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याकडे लहान मूलही म्हणून दाखवतं. त्या पदव्यांमागचा पैशाचा हिशेब मात्र आपण फारसा उलगडत नाही. आणि या गावात, लेंटनच्या आणि बीस्टनच्या खोल्यांमध्ये, आपली जी मुलं राहतात, त्यांना त्या हिशेबाची फार गरज आहे.

१९१७ साली स्कॉलरशिपची मुदत संपली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास अर्धवट सोडून ते परतले आणि करार पाळायला बडोद्याला गेले. संस्थानाने नोकरी दिली, पण राहायला जागा त्या शहरात कोणी देईना. पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. कोलंबियाची एम. ए. पदवी घेतलेला माणूस सार्वजनिक बागेत विषण्ण होऊन बसून राहिला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे पदवी होती, नोकरी होती, कर्ज फेडायची तयारीही होती, आणि तरीही फेड अशक्य झाली. कारण ज्या समाजात ती फेडायची, त्या समाजाने दार लावून घेतलं होतं. शिक्षणाचं मोल विद्यार्थ्याच्या कष्टांवर ठरतं असं म्हणणाऱ्यांनी बडोद्याचे ते दिवस विसरू नयेत.

पुढे १९१८ पासून सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पगार साडेचारशे रुपये. त्या काळात ही मोठी रक्कम. पण घर चाळीतच राहिलं आणि खर्च काटकसरीचा, कारण लंडनला परत जायचं होतं. त्या काटकसरीचा मोठा भार रमाबाईंनी उचलला. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. स्वतःची शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राने दिलेलं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, एवढी शिदोरी.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण माझं सारं आयुष्य बँकेत गेलं. फेब्रुवारी १९२० मध्ये एका रुपयाला दोन शिलिंग दहा पेन्सांच्या आसपास भाव होता. वर्षभरात तो घसरून सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. रुपयात साठवलेली शिल्लक लंडनमध्ये निम्म्याहूनही कमी मोलाची झाली. सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्ज मागितलं. आणि याच काळात ते डी. एस्सी.च्या प्रबंधासाठी कशाचा अभ्यास करत होते? रुपयाच्या विनिमय दराचा! ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चलन डळमळलं की सामान्य माणसाची पुंजी कशी विरघळते, हे त्या अर्थतज्ज्ञाला पुस्तकांच्या आधी स्वतःच्या खिशाने शिकवलं असणार असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आता ही कथा आपण कशी वापरतो ते पाहा. कर्ज विभागात माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून कितीतरी वडिलांनी मला सांगितलं, “मॅडम, बाबासाहेबांनी कर्ज काढून शिक्षण घेतलंच ना? मग आमच्या पोराने का नाही?” त्या वडिलांच्या डोळ्यांतली आस खरी होती. त्यांच्या या वाक्यापुढे मान तुकवावीशी वाटे. पण या कथेतून हा निष्कर्ष निघत नाही, आणि तो काढणं मला घातक वाटतं.

बाबासाहेबांना पैसे देणारे कोण होते? एक राजा, दुसरा राजा, एक मित्र. त्यांपैकी कोणीही रमाबाईंच्या डोक्यावरचं छप्पर लिहून घेतलं नव्हतं. आणि बाबासाहेबांच्या हातात अधिकार आला तेव्हा त्यांनी काय केलं? १९४२ पासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तिथे त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी पैशातून शिष्यवृत्त्या सुरू करायला लावल्या, परदेशी शिक्षणासाठीसुद्धा. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्या वर्षी सिद्धार्थ कॉलेज. माझ्यासारखं कर्ज काढा आणि जा, असा मार्ग त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी आखला नाही. स्वतः ज्या जोखमीतून गेले, ती दुसऱ्या कोणाच्या घरावर येऊ नये म्हणून त्यांनी सरकारी तिजोरी उघडायला लावली. मला त्यांच्या विद्यार्थीदशेइतकाच हा निर्णयही थोर वाटतो.

आज काय आहे? नॉटिंगहॅममध्ये एका वर्षाच्या एम. एस्सी.ला परदेशी विद्यार्थ्याची फी सर्वसाधारणपणे पंचवीस ते तीस हजार पौंडांच्या घरात जाते. राहण्याखाण्याला महिना अकराशे पौंडांहून अधिक दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. व्हिसाची फी आणि आरोग्याचा अधिभार वेगळा. पौंड ११५-१२० रुपयांच्या आसपास धरला तर सगळा खर्च पन्नास लाखांपर्यंत पोचतो. घरचे दहा लाख घातले, चाळीस लाखांचं कर्ज काढलं असं धरू. व्याज साडेदहा टक्के. शिक्षणाचं एक वर्ष आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली तर या दोन वर्षांचं सरळव्याज आठ लाख चाळीस हजार. पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर अठ्ठेचाळीस लाख चाळीस हजार असतात. दहा वर्षांत फेडायचं तर महिना पासष्ट हजारांच्या वर, आणि एकूण अठ्ठ्याहत्तर लाखांच्या पुढे. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता साडेत्रेपन्न हजारांवर उतरतो, पण एकूण फेड शहाण्णव लाखांवर चढते.

हा पासष्ट हजारांचा हप्ता कुठल्या पगारातून जाणार, यावर सगळं ठरतं. या देशात कुशल कामगाराचा व्हिसा हवा तर सर्वसाधारण किमान पगार २०२५ च्या जुलैपासून ४१,७०० पौंड आहे. शिक्षण नुकतंच संपवलेल्यांसाठी ही अट सवलतीने ३३,४०० पौंडांवर येते. ३३,४०० पौंडांत कर कापून महिन्याला तेवीसशेच्या जवळपास हातात पडतात आणि त्यातला चौथा हिस्सा हप्त्याला जातो. ओढाताण होते, पण निभतं. तोच मुलगा परत जाऊन पुण्यात पन्नास-साठ हजारांच्या पगारावर लागला, तर त्याचा सगळा पगार हप्त्याला पुरत नाही. मुलगा तोच, गुणपत्रिका तीच. एका बाजूला निभणारं कर्ज दुसऱ्या बाजूला घर बुडवतं, आणि कोणत्या बाजूला राहायचं हे त्या मुलाच्या हातात नसतं.

ते कोणाच्या हातात असतं? इथल्या गृहखात्याच्या. शिक्षणानंतर काम करायची परवानगी २०१२ मध्ये बंद झाली, २०२१ च्या जुलैमध्ये दोन वर्षांसाठी पुन्हा सुरू झाली. आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ती दीड वर्षाचीच मिळणार आहे. २०२४ च्या एप्रिलपर्यंत कुशल कामगाराच्या व्हिसाला २६,२०० पौंड पगार पुरत होता, तिथून दीड वर्षाच्या आत अट ४१,७०० वर गेली. आणि सांगलीत किंवा जालन्यात गहाणखतावर सही होते ती पंधरा वर्षांच्या मुदतीची. एका देशाचं धोरण दर दोन वर्षांनी बदलतं आणि त्याच्या भरवशावर दुसऱ्या देशातलं घर पंधरा वर्षं गहाण पडतं. या सगळ्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतं.

गहाणाविषयी थोडं सविस्तर बोलते. आपल्याकडच्या बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शेतजमीन तारण म्हणून सहसा चालत नाही, कारण थकबाकी झाली तर बँकेला सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली शेतीवर कारवाई करता येत नाही. त्यामुळे दहा एकर बागायतीचा सातबारा घेऊन आलेला शेतकरी बाप परत जातो आणि शहरात दोन खोल्यांचा फ्लॅट असलेल्या कारकुनाच्या मुलाला कर्ज मिळतं. ज्यांच्याकडे फ्लॅटही नाही ते बिगरबँक वित्तसंस्थांकडे वळतात. तिथे तारण लागत नाही, पण व्याज एक-दोन टक्क्यांनी चढं असतं. म्हणजे ज्याच्याकडे सगळ्यांत कमी आहे, त्याला पदवी सगळ्यांत महाग पडते. हे मी अहवालांतून सांगत नाही, फायली हाताळल्या आहेत म्हणून सांगते.

आणि हो, सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या आया. फ्लॅट दोघांच्या नावे असला की आईची सही लागायचीच. मी प्रत्येकीला कागद वाचून दाखवत असे. बहुतेक जणी मध्येच थांबवत आणि म्हणत, “कुठे करायची ती सांगा.” रमाबाईंच्या वाट्याला जे ओझं आलं, त्यात निदान कोणा सावकाराची नोटीस नव्हती.

याच प्रश्नाचं ब्रिटनने स्वतःच्या मुलांसाठी काय केलं ते पाहण्यासारखं आहे, आणि त्याचा एक धागा याच गावात सापडतो. ज्युबिली कॅम्पसवर, जिथे पूर्वी राले सायकलचा कारखाना होता, तिथे डीअरिंग बिल्डिंग आहे. ज्यांच्या नावाची ती इमारत आहे ते लॉर्ड डीअरिंग नॉटिंगहॅम विद्यापीठाचे कुलपती होते. १९९७ मध्ये त्यांच्याच समितीने अहवाल दिला की शिक्षणाचा काही खर्च पदवीधरांनी उचलावा, पण कमावू लागल्यावर, मिळकतीच्या प्रमाणात. सरकारने आधी १९९८ पासून हजार पौंड फी लावली. पुढे २००६ मध्ये तीन हजार आणि २०१२ मध्ये नऊ हजारांपर्यंत मर्यादा गेली, पण कमावल्यावर फेडायचं हे तत्त्व टिकलं.

त्या तत्त्वाचा अर्थ असा. इथल्या विद्यार्थ्याला २०१६ पासून मास्टर्ससाठीही सरकारी कर्ज मिळतं. वर्षाला २१,००० पौंडांच्या वर जेवढी कमाई, तिच्या सहा टक्के कापून घेतात, तीस वर्षांनी उरलेलं माफ. ३३,४०० पौंड पगार असलेल्या ब्रिटिश मुलीचा हप्ता महिना बासष्ट पौंड. तिच्या शेजारच्या टेबलावर, त्याच पगारावर, तेच काम करणारा आपला मुलगा महिना साडेपाचशे पौंड पुण्याला पाठवतो. तिचं कर्ज लहान असतं, हे खरं. पण मोठा फरक दुसराच आहे. उद्या तिची नोकरी गेली तर हप्ता शून्य होतो, याचा मात्र नोकरी गेल्यावरही पासष्ट हजारच राहतो. या व्यवस्थेतही खोट आहे. २०२३ पासून पदवीला प्रवेश घेतलेल्या मुलांना चाळीस वर्षं फेडावं लागणार आहे, आणि शिक्षिका, परिचारिका यांच्या पगारातून ते जवळजवळ निवृत्तीपर्यंत कापलं जाईल. तरी तिथे जोखीम सरकारने घेतली आहे. कोणाचं घर लिलावात जात नाही.

आणि हेही समजून घ्या की इथल्या मुलांची फी २०१७ पासून सलग आठ वर्षं ९,२५० पौंडांवर थांबवून ठेवली होती. महागाई वाढत राहिली, विद्यापीठांची तूट वाढली, आणि ती भरून काढायला परदेशी विद्यार्थ्यांच्या फीचा आधार घेतला गेला. म्हणजे जालन्यातल्या गहाणखताने नॉटिंगहॅमच्या वर्गाचा खर्च भागतो आहे. आपल्या मुलांना जाहिरातींतून जे आमंत्रण मिळतं, त्यामागे हीही गरज आहे.

समोर आपल्यातले ज्येष्ठ डॉक्टर बसले आहेत. तुमची पिढी साठ-सत्तरच्या दशकांत आली. बी. जे., ग्रँट, मिरज अशा सरकारी महाविद्यालयांत नाममात्र फीवर शिकून आली, आणि एफ. आर. सी. एस., एम. आर. सी. पी. इथे रुग्णालयात नोकरी करताकरता, पगार घेत मिळवली. तुमच्यातले अनेक जण या मुलांना सांगतात, आम्ही तीन पौंड घेऊन उतरलो आणि सगळं उभं केलं. कष्टांत तुम्ही कुठेच कमी नव्हता. पण तुमची सुरुवात शून्यावर होती, यांची उणे अठ्ठेचाळीस लाखांवर आहे. पदवीच्या आधी पगार सुरू होणं आणि पगाराच्या आधी कर्ज सुरू होणं, या दोन गोष्टींतलं अंतर जिद्दीने भरून निघत नाही. कृपा करून हे उदाहरण त्यांना देऊ नका.

मग कर्ज काढून इथे शिकायला यावं का, यावर माझं उत्तर काय? मुलांनी सरळ विचारलं आहे, म्हणून सरळ सांगते.

पीएच. डी.साठी कर्ज काढू नका. ज्याला खरोखर संशोधन करायचं आहे त्याने विद्यावेतन मिळेपर्यंत थांबावं, पुन्हा अर्ज करावा. यूकेआरआय या इथल्या सरकारी संशोधन-निधी संस्थेचं विद्यावेतन २०२५-२६ मध्ये २०,७८० पौंड होतं आणि त्यातल्या काही जागा परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या आहेत. ज्या संशोधनाला कोणीच पैसे देत नाही, ते तुमच्या आईच्या घरावर करू नये. एका वर्षाच्या मास्टर्सबद्दल मी वेगळं बोलेन. कर्जाचा हिशेब महाराष्ट्रातल्या पगारावर मांडा. परत जावं लागलं तर तिथल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात हप्ता बसतो का, एवढं पाहा. बसत असेल तर बिनधास्त या, इथे नोकरी लागली तर ती वरकड. बसत नसेल तर कर्जाची रक्कम कमी होईपर्यंत थांबा. दोन-तीन वर्षं नोकरी करा, शिल्लक टाका, शिष्यवृत्तीचे अर्ज करा. चेवनिंग आहे, कॉमनवेल्थ आहे, या विद्यापीठाची डेव्हलपिंग सोल्यूशन्स आहे, महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. शेवटच्या योजनेत साऱ्या राज्यासाठी पंच्याहत्तर जागा आहेत. एवढ्या मोठ्या राज्यातल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी पंच्याहत्तर! हा आकडा वाढवा म्हणून मुंबईतल्या आणि इथल्या प्रत्येक व्यासपीठावरून मागणी व्हायला हवी, आणि ती आपण मराठी करदात्यांनी करायला हवी, फक्त त्या विद्यार्थ्यांनी नव्हे.

आठवड्याला वीस तास काम करायची परवानगी आहे, त्यातून फी निघेल, असं एजंट सांगतात. तासाला १२.२१ पौंड या २०२५ मधल्या किमान वेतनाने पूर्ण वीस तास मिळाले तर महिन्याला हजार-साडेदहाशे हातात येतात. त्यातून भाडं आणि जेवण निघतं. फी निघत नाही. विमानतळाजवळच्या गोदामात रात्रपाळी करून सकाळी नऊच्या लेक्चरला बसणारी मुलं इथे आहेत. ज्या वर्षासाठी एवढं कर्ज काढलं ते वर्ष वर्गात झोपेशी झगडण्यात जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

ज्ञानाचं मोल पैशात करू नये, असं कोणी म्हणेल. मलाही ते मान्य आहे, म्हणूनच त्याची किंमत एखाद्या कुटुंबाच्या फ्लॅटएवढी ठेवणं मला अन्याय वाटतो. बाबासाहेबांच्या रुपयावरच्या प्रबंधाचा परतावा कोणाला मिळाला? १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली, पुढे राज्यघटना लिहिली. फायदा सगळ्या देशाला झाला, आणि खर्च एका चाळीतल्या खोलीने सोसला. फायदा समाजाचा होणार असेल तर जोखमीतही समाजाचा वाटा हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा आज एक ठोस प्रस्ताव घेऊन आले आहे. जमशेदजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला तो दानाचा नव्हता, परतफेडीच्या बोलीवर मदत देणारा होता. तो आजही चालू आहे. एकाने फेडलेल्या पैशावर पुढचा जातो. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर मिळून आपल्यात कमावती मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. आपण असा लहान निधी उभा करावा. वर्षाला दोन विद्यार्थी, फीचा निदान तिसरा हिस्सा. फेड मिळकतीच्या टक्केवारीत, पगार सुरू झाल्यावर, मग तो पगार बीस्टनमधला असो की बारामतीतला. नोकरी नसेल त्या महिन्यात काही नाही. दहा वर्षांनी उरेल ते माफ. घर गहाण नाही, आईची सही नाही.

यात पैसे बुडतील का? काही बुडतील. कर्ज विभागात बसलेल्या कोणालाही विचारा, काही बुडतातच. भथेनांनी पैसे दिले तेव्हा त्यांच्यापुढे तरी कुठली हमी होती? निधीचा कच्चा मसुदा आणि नियमांची दोन पानं मी सोबत आणली आहेत. विश्वस्त कोण, इथल्या धर्मादाय कायद्याखाली नोंदणी कशी, अर्ज कोण तपासणार, हे ठरायचं आहे. जानेवारीच्या प्रवेशाला येणारी मुलं तीन-चार आठवड्यांत उतरतील. त्यांची कर्जं मंजूर होऊन गेली आहेत, त्यांना या निधीचा उपयोग नाही. सप्टेंबरमध्ये येणाऱ्यांना होऊ शकतो, पण त्यासाठी मार्चपर्यंत पैसे खात्यात हवेत. चहा तयार आहे. ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावं, मसुदा आत्ताच वाचू.